वाड्याचे छप्पर आणि वारसांच्या सह्या

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमध्ये महापालिकेच्या नोटिसा लागतात. हा वाडा धोकादायक, तो अतिधोकादायक, ताबडतोब रिकामा करा. मग जुलैत कुठली तरी भिंत बसते, अग्निशमन दलाचे जवान वरच्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवतात, बातमी येते, आणि बातमीत एक वाक्य हमखास असते: वाडा शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना होता. जणू वय हेच पडण्याचे कारण. माझे म्हणणे असे की नुसत्या वयाने वाडा क्वचितच पडतो. ज्या छपराची शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधीची डागडुजी, कोणी करायची हे ठरत नाही, ते छप्पर पडते. आणि ते ठरत नाही, कारण घर कोणाचे हा प्रश्न तीन-तीन पिढ्या लोंबकळत असतो. त्यामुळे जुनी घरे वाचवायची असतील, तर दुरुस्तीचा प्रश्न मालकीच्या भांडणातून कायद्यानेच बाहेर काढावा लागेल. भांडणाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. पाऊस त्याची वाट पाहत नाही.

हे पटायला वाडा उभा कसा राहतो ते आधी पाहावे लागते. वाड्याचे माप खणाने सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तुळईसाठी मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ते अंतर ठरायचे, आणि मग सारे घर त्याच पटीत वाढायचे: तीन खणांची ओसरी, पाच खणांचा सोपा. मध्ये चौक, त्याच्या चारी अंगांना ओसऱ्या, त्यांच्या मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. खाली दगडी जोते. त्यावर तळखडा, म्हणजे घडीव दगडाची बैठक, आणि तळखड्यावर सागवानी खांब. खांब जमिनीत पुरलेला नसतो, कारण ओल लागली की लाकूड बुडातून कुजते. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तिच्यावर कडीपाट. भिंती विटांच्या, वरच्या मजल्यावर बहुधा पांढऱ्या मातीच्या. पण घराचा मुख्य भार पेलतो तो लाकडी सांगाडा.

या रचनेचा मोठा गुण असा की तिचे तुकडे बदलता येतात. एक तुळई कुजली तर टेकू देऊन ती काढता येते, दुसरी घालता येते. खांबाचे बूड गेले तर तेवढेच कापून नवा तुकडा सांधता येतो. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत सळई गंजू लागली की दुरुस्ती फार अवघड होऊन बसते. सागवानी वाडा मात्र नीट सांभाळला तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. सांभाळणे म्हणजे तरी काय? दरवर्षी मे महिन्यात कौले चाळायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीला पाणी मुरतेय का ते पाहायचे. एवढी शाकारणी चुकली की पाणी वाशांवर उतरते, वाशांवरून तुळईच्या टोकाशी जाते, आणि तुळईचे टोक जिथे भिंतीत बसलेले असते तिथे, कोणाला न दिसता, लाकूड भुसभुशीत होते. पाच-सहा पावसाळ्यांनी ती जागा बसते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर आणखी लवकर, कारण मातीच्या भिंतीतली ओल मग बाहेरच पडत नाही. म्हणजे वाड्याचे आयुष्य दर मे महिन्याच्या एका छोट्या निर्णयावर टिकून असते. तो निर्णय घेणारे माणूस घरात असले पाहिजे, आणि तो घेण्याचा त्याला अधिकार असला पाहिजे.

नेमके इथेच वाटणी आडवी येते. खणांच्या मापामुळे वाडा वाटायला सोपा होता. जुनी वाटणीपत्रे वाचली तर हे लख्ख दिसते: पूर्वेकडचे चार खण थोरल्याला, पश्चिमेकडचे धाकट्याला, माडी मधल्याला. चौक, विहीर, जिना, दिंडी दरवाजा, संडास आणि जाण्यायेण्याची वाट मात्र सामाईक. कागदावर ही न्याय्य वाटणी असते. पण लाकडाचा सांगाडा कागद ओळखत नाही. थोरल्याच्या खांबावर मधल्याच्या माडीचा भार असतो, आणि छप्पर तर सगळ्यांचेच, म्हणजे कोणाचेच नाही. एका भावाने आपले चार खण उतरवून तिथे दोन मजली घर बांधले की उरलेल्या सांगाड्याचा एका बाजूचा आधार जातो. मग चौकातून आडवी भिंत येते, एका घराला उजेड उरत नाही, दुसऱ्याला पाणी उरत नाही. असे अर्धे कापलेले वाडे पुण्यात, वाईत, नाशिकच्या जुन्या भागात, साताऱ्यात कितीतरी दिसतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, काय विद्रूप करून ठेवलेय. मला त्यात आधी वाटणीपत्र दिसते, विद्रूपपणा नंतर.

जुन्या घराचा इतिहास सांगताना आपण बांधणाऱ्या सरदाराचे किंवा सावकाराचे नाव सांगतो, सुरूदार खांबांचे, महिरपींचे, खांबांवरच्या केळफुलांचे वर्णन करतो आणि थांबतो. पुढच्या दोनशे वर्षांचे काय? घर कधी गहाण पडले, कोणी सोडवले, कोणत्या विधवेला फक्त राहण्यापुरती एक खोली मिळाली, बहिणींकडून हक्कसोडपत्र कधी लिहून घेतले, पहिले बिऱ्हाड कधी ठेवले, हा सगळा इतिहास गहाणखत, खरेदीखत, वाटणीपत्र आणि मिळकत पत्रिका यांच्यात असतो. पेशवेकाळातल्या नोंदी पुण्याच्या पुरालेखागारात मोडी लिपीत पडून आहेत. कोरीव खांबाइतकाच हा कागदही वारसा आहे, आणि आज वाडा कोणत्या अवस्थेत का आहे हे खांबापेक्षा कागदच जास्त सांगतो.

वाड्याच्या देखभालीचा पैसा मुळात वाड्यातून येतच नव्हता. तो येत होता इनामातून, वतनातून, गावाकडच्या जमिनीच्या खंडातून. १८१८ नंतर हा झरा हळूहळू आटत गेला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामांची छाननी केली आणि अनेकांची इनामे गेली. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. हे व्हायलाच हवे होते. ज्या घामावर वाडे उभे राहिले त्याला उशिरा का होईना काही परत मिळाले, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण गावाकडचा खंड थांबला आणि वाड्याच्या शाकारणीचा पैसाही थांबला, हेही खरेच. गावागावांतले काही वाडे तर त्याआधीच, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीनंतर, माणसांनी सोडले होते. शहरात मालकांपुढे एकच वाट उरली: बिऱ्हाडे ठेवणे. जिथे एक कुटुंब राहत होते तिथे दहा-पंधरा बिऱ्हाडे आली, सोप्याला पडद्या घातल्या गेल्या, माजघराच्या खोल्या झाल्या, चौकात नळ आला. विसाव्या शतकातले मध्यमवर्गीय पुणे मोठ्या प्रमाणात या बिऱ्हाडांमध्ये वाढले.

मग भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे मानले आणि तिथेच गोठवले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. प्रमाण भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९७ मध्ये सांगावे लागले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. समजा, तेव्हा एका बिऱ्हाडाचे भाडे महिना २० रुपये होते. दरवर्षी न चुकता वाढ घेतली तरी पंचवीस वर्षांनी ते ५३ रुपयांच्या आसपास जाते. दहा बिऱ्हाडांचे मिळून महिना ५३० रुपये. एवढ्यात चांगल्या सुताराचा एक दिवसही निघत नाही.

भाडेकरूनेच दुरुस्ती करून घ्यावी म्हटले, तर तीही वाट कायद्यात आहे. मालकाला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, त्याने केले नाही तर स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त वळता करता येत नाही. वरच्या उदाहरणात ही रक्कम एका बिऱ्हाडामागे वर्षाला १५९ रुपये होते. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला परत मिळत नाही, आणि कौलातून पाणी येतच राहते. अशा वेळी दोघांपैकी कोणाला तरी खलनायक ठरवण्याची आपल्याला फार घाई असते. भाडेकरू फुकटात राहतात, असे मालक म्हणतात. मालक वाडा पडण्याचीच वाट पाहतात, असे भाडेकरू म्हणतात. दोन्हींची उदाहरणे सापडतील. पण मला यात मुख्यतः दोन घाबरलेली माणसे दिसतात. वाडा एकदा रिकामा केला की आपला हक्क जाईल, या भीतीने भाडेकरू नोटीस लागूनही हलत नाही. दुरुस्ती केली तर भाडेकरू आणखी पन्नास वर्षे राहील, या भीतीने मालक वासा बदलत नाही.

तिसरी भीती वारसांची. वाडा ज्यांच्या नावावर होता ते आजोबा गेले, मिळकत पत्रिकेवर नावे वाढत गेली. कोणी अमेरिकेत, कोणी बंगळुरूत, कोणी तिथेच मागच्या खोलीत. मागच्या खोलीतल्या भावाने स्वखर्चाने छप्पर दुरुस्त केले, तर उद्या तो जास्त वाटा मागेल, अशी बाकीच्यांना शंका येते. त्यालाही वाटते, आपण पैसे घालायचे आणि फायदा सगळ्यांचा. मग प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते, ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश होतो, आणि त्या आदेशाच्या धाकाने कोणी कौलालाही हात लावत नाही. घर जैसे थे राहावे म्हणून दिलेला आदेश घर जैसे थे ठेवू शकत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. त्यामुळे सह्या वाढल्या आणि वाड्यांचे व्यवहार अडले, असे पेठेतली शहाणी माणसेही बोलून जातात. हे बोलणे मला सहन होत नाही. त्याच घरात वाढलेल्या बहिणीची सही ही अडचण नाही. तिला न विचारता इतकी वर्षे कागद झाले, ही अडचण होती. सह्या गोळा होईपर्यंत घर उभे ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही, दोष आहे तो तिथे.

आता जे वाडे टिकले ते पाहा. शनिवारवाड्याच्या पायाभरणीला १७३० साल होते. १८२८ च्या आगीत आतले सारे लाकूडकाम गेले, तरी तट, दरवाजे आणि जोती आजही उभी आहेत, कारण त्यांना सरकार हा एकच मालक आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा आणि नाना फडणवीसांचा नानावाडा महापालिकेच्या ताब्यात आहेत. गायकवाड वाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून विकत घेतला, तिथे केसरी आला आणि वाडा केसरीवाडा झाला. खाजगी मालकीचे काही वाडेही उत्तम स्थितीत आहेत. तिथे बहुतेक वेळा एक तर वाटणी झालेली नसते, किंवा झाली तरी देखभालीचा कारभार एका हातात राहिलेला असतो. दगड, लाकूड, चुना सगळीकडे सारखेच होते. फरक पडला तो निर्णय कोणी घ्यायचा यात.

आणि उलटे उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या देशाच्या सामाजिक इतिहासात याहून मोठी घटना घडलेली घरे थोडीच असतील. पण ते घर खाजगी होते, तळमजल्यावर दुकाने होती, भाडेकरू होते. महापालिकेने जागा ताब्यात घेऊन स्मारक करायचे ठरवले आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला आणि डिसेंबरमध्ये वाडा पाडण्यात आला, कारण तोपर्यंत त्याची पार दशा झाली होती. आता तिथे स्मारक उभे राहील आणि ते राहिलेच पाहिजे. पण ज्या जिन्याने त्या मुली वर गेल्या असतील तो जिना आता असणार नाही. भाडेकरूंना न्यायालयात जाण्याचा हक्क होता, महापालिकेला भूसंपादनाचा होता. तेवढ्या सगळ्या काळात छपराची काळजी घेण्याचे कर्तव्य मात्र कोणावरच नव्हते.

भिडेवाडा आणखी एक गोष्ट शिकवतो. वारसा वास्तूंची श्रेणी ठरवताना आपली नजर कोरीवकामाकडे जाते. भिडेवाड्यात नजरेत भरेल असे कोरीवकाम नव्हते. त्याचे मोल होते ते तिथे काय घडले आणि कोणी जागा दिली यात. म्हणजे पुन्हा वापराच्या आणि मालकीच्या इतिहासात.

सगळेच वाडे वाचवावेत असे मी म्हणत नाही. वाड्याच्या वैभवाची एक अंधारी बाजू होती, अक्षरशः अंधारी. माजघरात दिवसाही उजेड नसे आणि बायकांचे आयुष्य त्याच काळोखात जाई. दिंडी दरवाजाच्या आत कोणी यायचे आणि कोणी देवडीपाशीच थांबायचे, हे जातीवर ठरे. मागच्या दाराने मैला वाहून नेणाऱ्यांची वाट वेगळी होती. आजही सामाईक संडासासाठी रात्री जिना उतरणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला वारशाचे महत्त्व सांगणे क्रूरपणाचे आहे. तिला घरात संडास हवा, आणि तो सागवानी वाड्यात नीट बसवता येतो. पैसे आणि परवानगी असली की झाले. ज्या कुटुंबांना नवी इमारत हवी आहे आणि ज्या वाड्यात राखण्यासारखे फार काही उरलेले नाही, तिथे पुनर्विकास जरूर व्हावा. माझी तक्रार आहे ती निर्णयच न झाल्यामुळे मरणाऱ्या वाड्यांबद्दल.

आजचे नियम या बाबतीत एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. केंद्राच्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम बंद झाले. शनिवारवाड्याच्या भोवतीच्या वाडेमालकांना घर पाडून नवे बांधता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. स्मारकाच्या परिसराला संरक्षण मिळाले, पण परिसर ज्या घरांनी बनतो त्यांच्या दुरुस्तीला पैसा कोणी दिला नाही. दुसरीकडे, वारसा वास्तू जपणाऱ्या मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची तरतूद विकास नियमावलीत आहे. पण ती मिळवायला आधी मालक कोण हे निर्विवाद लागते. म्हणजे ज्या वाड्याला पैशाची सर्वांत जास्त निकड, त्यालाच तो मिळत नाही.

मालकीचा वाद चालू असताना दुरुस्ती करता येत नाही, हे काही निसर्गनियम नाही. मुंबईत १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला गेला आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची, असे ठरले. मंडळाच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. तरी त्यामागचे तत्त्व मोलाचे होते: घरात माणसे राहतात, तेव्हा मालक-भाडेकरू भांडत असले तरी घर सुरक्षित ठेवणे हे सार्वजनिक काम आहे. पुणे, नाशिक, सातारा, वाई इथल्या वाड्यांना असे कोणतेही मंडळ नाही.

नवे मंडळ नको असेल तर हातात असलेला कायदाही पुरे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पालिका धोकादायक इमारतीबद्दल नोटीस देते. त्या कलमात पाडण्याबरोबरच मजबूत करण्याचा आणि दुरुस्त करण्याचाही पर्याय आहे. व्यवहारात मात्र रिकामा करा आणि उतरवून घ्या, एवढेच उरले आहे. या कलमाला राज्याने तीन गोष्टी जोडाव्यात. एक, अशा नोटिशीनंतर कोणत्याही एका हिस्सेदाराने किंवा भाडेकरूने पालिकेच्या देखरेखीखाली छप्पर आणि सांगाड्याची दुरुस्ती केली, तर ती कोणत्याही दाव्यात कोणाच्याही हक्काचा पुरावा मानली जाणार नाही, आणि ‘जैसे थे’ आदेश तिच्या आड येणार नाही. दोन, खर्चाचा बोजा मिळकत पत्रिकेवर चढेल आणि वाटणी किंवा विक्री होईल तेव्हा हिश्श्याप्रमाणे वसूल होऊन ज्याने पैसे घातले त्याला व्याजासह परत मिळेल. तीन, दुरुस्तीसाठी भाडेकरूला बाहेर पडावे लागले तर त्याची जागा, क्षेत्रफळ आणि भाडे यांची नोंद पालिका आधीच करून त्याला प्रमाणपत्र देईल, आणि परत येण्याचा हक्क त्या कागदावर चालेल. वारसा यादीतल्या वाड्यांना यात आणखी एक जोड देता येईल. मालकी वादात असेल तरी टीडीआर मंजूर करावा, त्यातून आधी छपराचा खर्च भागवावा आणि उरलेली रक्कम निकाल लागेपर्यंत न्यायालयात ठेव म्हणून ठेवावी.

आणि वारसा यादी करणाऱ्या समितीने प्रत्येक वाड्याच्या नकाशाबरोबर त्याच्या कागदांचीही संचिका करावी: वंशावळ, खरेदीखते, वाटणीपत्रे, आज कोणते खण कोणाकडे आहेत, कोणते बिऱ्हाड कधीपासून आहे. मोडी वाचणारी तरुण मुले आज या शहरात आहेत, वास्तुकलेची महाविद्यालये आहेत. भूमापन कार्यालयातल्या नोंदी आणि पुरालेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एकत्र वाचण्याचे काम त्यांना पगार देऊन सांगता येईल. ते काम झाले तर पुढच्या वेळी एखाद्या वाड्याबद्दल नोटीस काढताना पालिकेला दारावर कागद चिकटवून थांबावे लागणार नाही. कोणाकोणाला बोलवायचे, त्यांची नावे तिच्याकडे असतील.